महागड्या गोल्फ कोर्सवर पैसे कधी घालवावेत: चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या चौदा महिन्यांत मी आठ महागडे राउंड खेळले. महागडे म्हणजे नेहमीच्या कोर्सच्या ग्रीन फीच्या (एका राउंडच्या शुल्काच्या) किमान तिप्पट, एकदा तर चक्क सातपट. त्यातले तीन राउंड उद्या त्याच किमतीला पुन्हा खेळायला मी एका पायावर तयार आहे. दोन ठीकठाक. उरलेल्या तिन्हींचे पैसे मात्र आजही टोचतात. ‘एकदा तरी खेळून ये’ असं सगळेच सांगतात, पण कधी जावं आणि कधी थांबावं हे कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझा हँडिकॅप इंडेक्स १८ आहे (हा आकडा जेवढा मोठा तेवढा खेळ कच्चा) आणि मी आठवड्यातून एकदा खेळते. माझ्यासारखं खेळणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल.

सुरुवात वहीपासून करते, कारण माझं मोजमाप तिथंच ठरलं. पहिल्या महागड्या राउंडच्या रात्री मी वहीत अठरा चौकोन आखले आणि प्रत्येक होल आठवून काढायला बसले. टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) काय दिसत होतं, बंकर (वाळूचे खड्डे) कुठे होते, ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) उतार कुठल्या बाजूला होता. पाच चौकोन भरले. तेरा कोरे राहिले. आदल्याच दिवशी नाही, त्याच दिवशी सकाळी खेळलेला कोर्स होता हा! माझ्या रोजच्या साध्या कोर्सची अठराच्या अठरा होल मला डोळे मिटून सांगता येतात. ती सवयीने पाठ झालीत हे खरं, पण पाच म्हणजे फारच कमी. तेव्हापासून प्रत्येक नव्या कोर्सनंतर रात्री वही उघडायची हा नेम झाला. माझा स्कोअर आणि भरलेले चौकोन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हेही त्यातूनच कळलं.

तो पाच चौकोनांचा कोर्स दिसायला देखणा होता. धबधबे, कडेला कातरलेली फुलझाडं, कार्टमध्ये प्रत्येक होलचं अंतर दाखवणारा पडदा. गाडी थांबली की बॅग उचलायला माणूस हजर, राउंड संपला की क्लब पुसून द्यायला दुसरा. पण खेळायला उभं राहिलं की प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: दोन्ही बाजूंना बंकर, समोर पाणी, पलीकडे उंचावर ग्रीन, मार उंच आणि सरळ. अठरा वेळा तेच. शिवाय सगळा वेळ आम्ही कार्टमध्ये. बॉलपाशी गाडीने जायचं, मारायचं, परत बसायचं. चालत गेलं की पुढचा उतार आधी पायांना कळतो, ग्रीनजवळ येताना ते तिरकं आहे हे हळूहळू ध्यानात येतं. गाडीत बसलं की हे सगळं निसटतं. अमेरिकेतल्या बँडन ड्यून्ससारख्या नावाजलेल्या ठिकाणी चालतच खेळायचा नियम का ठेवलाय, हे मला त्या रात्री वही समोर ठेवून उमगलं.

दुसरा फसलेला राउंड माझ्याच चौकशीअभावी फसला असं म्हणता येईल, पण मला राग आहे तो त्यांनी न सांगितल्याचा. पहिल्या ग्रीनवर पोचलो तर सगळीकडे बोटाच्या जाडीची भोकं, त्यांत भरलेली वाळू. आदल्या आठवड्यात ग्रीन्स पंच केली होती. हे काम गरजेचं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. रोज पायांनी आणि यंत्रांनी दाबली जाऊन माती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच साचतं. भोकं पाडून वाळू भरली की माती पुन्हा मोकळी होते. पण गवत भरून यायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, आणि तोवर तिथे पट मारणं, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवणं, हा नशिबाचा खेळ. आठ फुटांवरून मी नीट रेषेत मारलेला बॉल टप टप उड्या मारत होलच्या हातभर बाजूने गेला. फी मात्र पूर्ण घेतली. महागड्या कोर्समध्ये आपण सगळ्यात जास्त पैसे कशाचे देत असू, तर त्या ग्रीन्सचे. बाकीचं बरंचसं कुठेही मिळतं. खरी, एकसारखी, वेगवान ग्रीन्स मिळत नाहीत. तीच नसतील तर त्या दिवशी कोर्स अर्ध्या किमतीचाही नाही.

आता बुकिंगआधी फोन करून दोनच गोष्टी विचारते. ग्रीन्स शेवटची कधी पंच केली आणि पुढची तारीख कोणती? आणि सध्या स्टिंप किती आहे? (स्टिंपमीटर म्हणजे खाच असलेली साधी पट्टी. ती तिरकी केली की बॉल घरंगळतो आणि सपाट भागावर किती फूट जातो ते मोजतात. एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये ही पट्टी बनवली आणि आजही ग्रीनचा वेग तिच्यावरच सांगतात.) आकडा नऊ की अकरा याने मला फार फरक पडत नाही. पण हा प्रश्न विचारल्यावर फोनवरचा माणूस अडखळला की मी दुसरी तारीख शोधते. ज्यांना ग्रीन्सची काळजी असते ते लगेच आणि खरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरा वाया गेलेला राउंड टीमुळे, म्हणजे किती लांबून खेळायचं या निवडीमुळे. आमच्या चौकडीतल्या एकाने सुचवलं, ‘एवढे पैसे दिलेत तर मागच्याच टीवरून खेळू, पूर्ण कोर्स बघू.’ मी होकार दिला आणि बारा होल फेअरवे वूडने (लांब मारायच्या क्लबने) मारत राहिले. दुसऱ्या फटक्याला ग्रीन गाठणं कुठेच शक्य नव्हतं, म्हणजे कोर्स आखणाऱ्याने ग्रीनभोवती जे काही रचलं होतं ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. ५ नंबरच्या आयर्नने (हा एक क्लब) बॉल जेवढे यार्ड जातो त्याला ३६ ने गुणायचं, की आपल्याला झेपणारी कोर्सची एकूण लांबी मिळते, हा जुना ठोकताळा मी आता काटेकोर पाळते. माझं पाच नंबर १४५ यार्ड जातं, म्हणजे सव्वापाच हजार यार्डांच्या आसपासचे टी माझे. ते पुढचे असोत, मधले असोत, त्यांचा रंग कोणताही असो. महागड्या कोर्सवर तर हे जास्तच पाळावं, कारण तिथली आखणी बघायलाच आपण गेलेलो असतो.

आता तो राउंड, ज्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. ग्रीन फी नेहमीच्या चौपट. क्लब हाउस अगदी साधं, फुलझाडं नाहीत, पाणी जवळजवळ कुठेच नाही. चालत खेळायचं आणि कॅडी (बॅग उचलून सल्ला देणारा सोबती) बरोबर. सातवं होल कागदावर अगदी सोपं वाटणारं: पार चार (म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित), तीनशे यार्डांच्या थोडं वर. फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) प्रचंड रुंद, पण बरोबर मधोमध एक बंकर, ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबने) मारलेला माझा बॉल जिथे पडतो तिथेच. डावीकडे मैदानच्या मैदान मोकळं. उजवीकडे कुंपण आणि बंकर यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी. मी अर्थातच डावीकडे बघत उभी होते. कॅडीकाका म्हणाले, “डावीकडे जागा खूप आहे, पण ती जागा फुकटची नाही. कुंपणाच्या जेवढं जवळ जाल तेवढा पुढचा फटका सोपा.” मी डावीकडेच मारला. सुरेख बसला, बॉल डावीकडच्या मोकळ्या भागाच्या मधोमध. दुसऱ्या फटक्यासाठी उभी राहिले आणि समजलं की ते काय म्हणत होते. इथून ग्रीनच्या तोंडावर खोल बंकर आडवा येत होता आणि त्यामागे ग्रीन माझ्यापासून दूर उतरत होतं. बॉल ग्रीनच्या मधोमध टेकला आणि थांबता थांबता मागच्या उतारावरून खाली गेला. त्या होलवर सहा फटके झाले.

होल संपल्यावर मागे कुणी नव्हतं, म्हणून काका मला परत शंभर पावलं मागे उजव्या पट्टीत घेऊन गेले. तिथून तेच ग्रीन तळहातासारखं उघडं समोर होतं, उतार आपल्याकडे येणारा, मध्ये काहीही नाही. जमिनीवरून घरंगळत नेला असता तरी बॉल पोचला असता. एकाच ग्रीनची दोन रूपं, आणि कोणतं मिळणार ते टीवरच्या हिमतीवर ठरलेलं. त्या दिवशी अठरापैकी बारा-तेरा ठिकाणी असं काही ना काही ठरवावं लागलं. रात्री वहीत सतरा चौकोन भरले.

पैसे मोजायचे ते यासाठी. उत्तर कोर्सकडून मागायचं नाही, प्रश्न मागायचा. आणि तो आपल्या नेहमीच्या कोर्सवर कधी पडत नाही असा हवा. नुसती अवघड जागा म्हणजे चांगली जागा, या समजुतीवर मी आधी बरेच पैसे घालवले. बुकिंग करताना स्लोप रेटिंग बघायची आणि आकडा मोठा दिसला की खूश व्हायची. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो, ११३ हा प्रमाण आकडा, आणि तो एवढंच सांगतो की स्क्रॅच खेळाडूच्या (हँडिकॅप शून्य असलेल्याच्या) तुलनेत बोगी खेळाडूचे (विसाच्या आसपास हँडिकॅप असलेल्याचे) हाल किती जास्त होतील. समजा स्लोप १४०, कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूचे अपेक्षित फटके) ७३.५ आणि पार ७२ आहे. माझा इंडेक्स १८. अठराला १४० ने गुणून ११३ ने भागलं की बावीसच्या वर येतात, त्यात रेटिंग आणि पारमधला दीड मिळवला की २४. म्हणजे प्रमाण कोर्सपेक्षा सहा फटके जास्त. तयारीसाठी हा आकडा हवाच. पण पाच चौकोनवाल्या कोर्सचा स्लोप १३८ होता आणि सतरावाल्याचा १२४. पहिल्यावर नऊ बॉल पाण्यात गेले. दुसऱ्यावर एकच बॉल घेऊन सुरुवात केली आणि तोच घेऊन घरी आले.

अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचा नंबर टू हा कोर्स याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण असावं. डोनाल्ड रॉस यांनी आखलेला हा कोर्स रुंद आहे, पाण्याची भीती जवळजवळ नाही, आणि ग्रीन्स कासवाच्या पाठीसारखी फुगीर, चुकलेला बॉल बाहेर सारणारी. २०११ मध्ये तिथला रफ (फेअरवेच्या कडेचं वाढवलेलं गवत) काढून पुन्हा मूळची वाळू आणि रानगवत मोकळं केलं, आणि २०१४ मध्ये त्याच जमिनीवर लागोपाठच्या आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली. इतकी मोठी स्पर्धा पेलणारा आणि तरीही सामान्य माणसाला बॉल न हरवता खेळता येणारा कोर्स. उलट बेथपेज ब्लॅक हा न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचा सार्वजनिक कोर्स. पहिल्या टीजवळच पाटी आहे की हा अत्यंत अवघड कोर्स असून फक्त कुशल खेळाडूंनीच खेळावा. २००२ ची यूएस ओपन तिथे झाली. सरकारी मालकीचा म्हणजे सोपा आणि महागडा म्हणजे उत्तम, असं काही समीकरण नाही.

नावासाठी पैसे द्यावेत का? द्यावेत, पण आयुष्यात एक-दोनदा, आणि आधी चालून बघता आलं तर फारच छान. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि कुणीही तिथे फिरायला जाऊ शकतं. अठरापैकी चौदा होल सात जोडग्रीन्सवर (दोन होलांना मिळून एक ग्रीन) संपतात, ती किती अवाढव्य आहेत हे तिथे पायी फिरूनच कळावं. इतर ठिकाणीही मी आता हेच करते. स्पर्धा असेल त्या दिवशी बघायला जायचं आणि दोरीच्या बाहेरून नऊ होल चालायची. दोन कोर्स मी असे चालून बघितले आणि खेळायचा बेत रद्द केला. ते पैसे तिसऱ्याला लागले.

वेळेबद्दल. पूर्ण फी देऊन शनिवारी सकाळी खेळायचं मी सोडलं. चारचार जणांचे गट मागेपुढे, पाच-साडेपाच तासांचा राउंड, प्रत्येक टीवर थांबायचं. चांगला कोर्सही अशाने कंटाळवाणा होतो. दुपारनंतरचा ट्वायलाइट दर बऱ्याच ठिकाणी बराच कमी असतो. शेवटची दोन-तीन होल अंधारामुळे राहू शकतात, ग्रीन्सवर दिवसभराच्या पावलांच्या खुणा असतात. तरी तिरक्या उन्हात फेअरवेचे सगळे चढउतार सावल्यांनी उठून दिसतात, आणि मला ते दिसणं हवं असतं. नवा कोर्स पहिल्यांदा ट्वायलाइटला खेळायचा आणि वही भरली तरच दुसऱ्यांदा सकाळचे पूर्ण पैसे द्यायचे, असं मी ठरवून टाकलंय.

स्विंग बदलत असताना तर अजिबात जाऊ नये. मध्यंतरी मी ग्रिप (क्लब धरायची पद्धत) बदलली होती आणि त्याच महिन्यात, आधीचं बुकिंग होतं म्हणून, एक राउंड खेळले. सगळं लक्ष हातांकडे. कोर्स चांगला होता असं बाकीचे तिघं सांगतात. वहीत चौकोन भरले सात, आणि तो राउंड मी ‘ठीकठाक’मध्ये धरलाय, कारण दोष कोर्सचा नव्हता. बरोबर कोण आहे हेही बघते. दुसऱ्याचा पट बघत उभं राहायला ज्यांना आवडतं त्यांच्याबरोबर जायचं. ज्यांना स्कोअर लिहून लगेच पुढच्या टीकडे पळायचं असतं त्यांच्यासोबत नेहमीचा कोर्स उत्तम.

कॅडीचे पैसे मी आता कधीच वाचवत नाही. कार्टवर पैसे लावत नाही, क्लब हाउसच्या सोयींसाठी लावत नाही, टोपी-बॉल यांच्या भेटपिशवीसाठी तर नाहीच. पण ज्याने तो उतार हजार वेळा बघितलाय असा माणूस चार तास शेजारून चालणार असेल तर तेवढा खर्च मला ग्रीन फीचाच भाग वाटतो.

सतरा चौकोनवाल्या कोर्सचं पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेचं बुकिंग केलंय, या वेळी सकाळचं. पंचिंग होऊन तोवर सहा आठवडे झालेले असतील, विचारून घेतलंय. कॅडीकाका त्या दिवशी आहेत. वहीत बाराव्या होलचा चौकोन अजून कोरा आहे. खूप आठवून पाहिलं, तिथे टीवरून काय दिसतं तेच डोळ्यांसमोर येत नाही. सातव्यावर मात्र कुंपणाच्या बाजूने मारणार आहे.