पुण्यात ९८ अंश लावू नका: उकळत्या-गार पाण्याच्या नळाचा वापरानंतरचा अनुभव

ओट्यावर एकच नळ, सिंकखाली त्याला गरम पाणी देणारा बॉयलर आणि गार पाणी देणारा चिलर, असं हे यंत्र. यातला बॉयलर बंद पडला की सर्व्हिसवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बोर्ड गेलंय." इथेही तेच झालं. कोटेशनही लगेच आलं, आणि त्या पैशात चांगल्यातली चांगली किटली आली असती, वर एक इंडक्शन शेगडीही. बोर्ड ठणठणीत होतं. टाकीच्या अंगाला, दोन स्क्रूंच्या झाकणाआड, हाताने रीसेट करायचा थर्मल कटआउट, म्हणजे टाकी जास्त तापली की वीज तोडणारा स्विच, असतो. त्याचं लाल बटण वर आलं होतं. प्लग काढायचा, टाकी निवू द्यायची, बटण दाबायचं, 'टक्' आवाज आला की झालं. व्हिजिट चार्ज गेला तो गेलाच.

पण कटआउट उगाच उडत नाही. नुसतं बटण दाबून पुढे गेलात तर तो पुन्हा उडणार. या यंत्राबद्दल मला जे सांगायचंय ते बहुतेक एका आकड्यात आहे: ९८. कारखान्यातून सेटिंग साधारण ९८ अंशांवर येतं आणि बसवणारा माणूस त्याला हात लावत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीला ते चालून जातं, कारण तिथे पाणी १०० अंशांना उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे पाणी ९८ च्या जेमतेम वर उकळतं. नाशिक-कोल्हापूरचं गणित जवळपास हेच. महाबळेश्वरला तर उत्कलनबिंदू ९५-९६ च्या आसपास येतो. तिथे ९८ हा आकडा पाणी कधी गाठणारच नाही.

थर्मोस्टॅट अंश-दोन अंश पुढेमागे करतोच. म्हणजे पुण्यात ९८ लावलं की टाकीतलं पाणी मधूनमधून खरोखर उकळू लागतं. आणि या नळांची टाकी बहुतेक 'व्हेंटेड' असते. ती तोंडाशी उघडी असते, आणि आत पाणी येतं ते नळ उघडल्यावरच. रात्रभर नळ बंद असताना टाकी उकळत राहिली, तर वाफ तोंडातून जाते, पातळी खाली येते, भर मात्र पडत नाही. हीटरचा वरचा भाग वाफेत येतो, त्यावर आधीच क्षाराचा थर असला तर आणखी तापतो, आणि कटआउट उडतो. त्याआधी काही दिवस नळ फुरफुरतो, पहिला घोट थुंकल्यासारखा उडतो, रात्री कपाटातून भांडं ठेवल्यासारखा आवाज येतो. अशा तक्रारींवर सर्व्हिसवाले 'सेन्सर बदला' म्हणतात. पुण्यात आधी सेटिंग ९४ वर आणा. काही यंत्रांत उंचीनुसार कॅलिब्रेशनची सोय असते. असेल तर ती वापरा, पण त्यानंतरही उत्कलनबिंदूच्या तीन-चार अंश खालीच राहा.

प्लगला लावायच्या वीजमापकावर फरक लख्ख दिसतो. तीन लिटरची टाकी, रात्रीचे आठ तास, नळाला कुणाचा हात नाही: ९८ वर ०.९ युनिट, ९४ वर ०.३ च्या आसपास. चार अंशांनी चहाच्या चवीत काडीचा फरक पडत नाही.

तसंही आपल्या चहाला हा नळ लागत नाही, हे विकणारा सांगत नाही. दूध-साखर घालून पातेल्यात उकळायच्या चहात नळाचा उपयोग एवढाच, की पाणी तापायचा वेळ वाचतो. खरा उपयोग आधणाला होतो. भाताचं पाणी, उपम्याचं पाणी, डाळीत ऐनवेळी घालायचं गरम पाणी, टोमॅटोची सालं काढणं, तुपकट भांडी. मोदकाच्या उकडीला मात्र नळाचं पाणी गॅसवर पुन्हा खळखळ उकळवूनच घ्यावं लागतं, ९४ वर पिठी नीट फुलत नाही. कोरा चहा, ग्रीन टी पिणाऱ्या घरात गोष्ट वेगळी.

आता बसवण्याबद्दल. बहुतेक मॅन्युअलमध्ये किमान दीड-दोन बार दाब मागितलेला असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीखाली तीन मीटरवर तुमचं स्वयंपाकघर असेल तर हातात ०.३ बार. त्यात भिंतीवरच्या नेहमीच्या आरओची टाकी गुरुत्वाकर्षणावर चालते, तिचा दाब त्याहून कमी. त्यामुळे वरच्या मजल्यांवर आरओ आणि बॉयलर यांच्यामध्ये प्रेशर स्विच असलेला छोटा २४ व्होल्टचा पंप लागतोच. हे आधी कुणी सांगत नाही. नळ बसल्यावर धार करंगळीएवढी आली की मग सांगतात. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर उलटं होतं: साठ मीटर उंचीला सहा बार, तिथे प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह लावून तीन बारवर आणा.

ओट्याला ३५ मिलिमीटरचं भोक लागतं. ग्रॅनाइट असेल तर डायमंड कोअर बिट, ड्रिलवर हॅमर बंद, पाण्याची धार चालू, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला हात हलका. सिंकचा कट आणि नवं भोक यांच्यात निदान ५० मिलिमीटर दगड राहू द्या; हीच पट्टी तडकते. इलेक्ट्रिकला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिमी वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि सॉकेट पाण्याच्या सांध्यांच्या खाली नाही, बाजूच्या भिंतीवर. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर एक्स्टेन्शन ओढून देणारे इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांना परत पाठवा.

आणि वेस्ट पाइप. सिंकखालचा नालीदार पांढरा पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. शेवयांचं किंवा अंड्यांचं गरम पाणी थेट ओतलं की महिन्या-दोन महिन्यांत त्याला पोट येतं, मग वॉशर ढिला, मग कपाटात डबकं. पॉलीप्रॉपिलीनचा बॉटल ट्रॅप बसवा, किंवा गरम ओतताना शेजारचा साधा नळ चालू ठेवा.

थेंबांबद्दल सर्वांत जास्त भांडणं होतात. तीन लिटर पाणी २५ वरून ९४ वर गेलं की शंभरएक मिलिलिटरने फुगतं. ते कुठेतरी जाणारच. साध्या यंत्रात ते नळातून ठिबकतं, बऱ्या यंत्रात वर एक एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे फुगलेलं पाणी मावायचा कप्पा असतो, आणि पुढच्या वेळी नळ उघडला की व्हेंच्युरी, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीवर चालणारी अरुंद वाट, ते पाणी ओढून घेते. म्हणून नळ बंद असताना, तापण्याच्या काळात पडणारे थेंब हा बिघाड नाही. पण आधी न ठिबकणारा नळ तापण्याच्या काळात ठिबकू लागला तर कारणं बहुधा दोन: दाब कमी झाला, किंवा व्हेंच्युरीच्या बारीक भोकात क्षार बसला. अशा वेळी वॉशर बदलून काही होत नाही. थेंब थांबवायला नळाच्या तोंडाला जाळी किंवा कॉक लावायचा विचार तर चुकूनही करू नका. उघडी टाकी बंद केली की दाब टाकीच्या शिवणीवर जातो.

क्षाराबद्दल मत वापरता वापरता बदललं. आधी वाटलं, आरओचं पाणी आहे, आत काही साचणार नाही. पण बहुतेक आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अॅडजस्टर असतो, तो मूळ पाणी थोडं परत मिसळतो, आणि त्या पाण्यातला कठीणपणा परत येतो. खडकवासल्याचं पाणी मवाळ. वाघोली, उंड्री, पिसोळीकडच्या टँकर-बोअरच्या पाण्याला हा नियम लागू नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा. पिण्याला चालणारं पाणी बॉयलरला चालतंच असं नाही. अॅडजस्टर पूर्ण बंद करून फक्त बॉयलरची लाइन शुद्ध आरओवर घेतली की काम होतं.

साफ करायला किराणा दुकानातलं सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. लिटरला ५० ग्रॅम, तीन लिटरला १५० ग्रॅम. वीज बंद, टाकी ५० अंशांखाली निवलेली, खालचा ड्रेन प्लग काढून रिकामी, मग द्रावण भरायचं. पाऊण तास ठेवायचं, फेस थांबला की सोडायचं, आणि टाकी तीनदा धुवायची. द्रावण उकळू नका: जास्त तापलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तो क्षारापेक्षा चिवट. सफाईवालीचं, संडास-फरशी धुवायचं अॅसिड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं, ते कपाटात आणूच नका. टाकी पुन्हा भरताना आधी नळ उघडा, सलग धार येऊ द्या, मगच वीज चालू करा. सोसायटीत टाकी धुण्याच्या दिवशीही हेच. हवा अडकलेल्या टाकीत हीटर चालू झाला की लाल बटण ठरलेलं.

चिलरला पहिल्या उन्हाळ्यात मी नापास केलं असतं. दोन पेले गार, तिसरा कोमट. गणित मांडलं तर दोष त्याचा नव्हता. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतून पाणी ३५ अंशांनी येतं. ते ८ पर्यंत आणायला १०० वॅट शीतन क्षमतेच्या कॉम्प्रेसरला लिटरमागे वीसेक मिनिटं लागणारच. त्यात बॉयलर त्याच बंद कपाटात, शेजारी, ऊब देत बसलेला. सुताराकडून दाराला खाली आणि वर अशा दोन जाळ्या पाडून घेतल्या, चिलर मागच्या भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे ओढला, बॉयलर दुसऱ्या टोकाला. कॉम्प्रेसर थांबू लागला. आता चार-पाच पेले सलग गार मिळतात आणि फ्रिजचं दार दुपारभर उघडझाप होत नाही. चिलर पास.

गावाला जाऊन तीन-चार दिवसांनी आलात तर गार लाइनीतून चारेक लिटर सोडून द्या. आरओनंतर पाण्यात क्लोरीन उरत नाही, साचलेलं पाणी लगेच शिळं होतं. सोडलेलं पाणी कुंड्यांना.

विजेचा हिशोब, ज्याच्यावर माझा राग अजून आहे. नुसतं गरम राखायला साधारण ४० वॅट, म्हणजे दिवसाला एक युनिट, महिन्याला २९. प्रत्यक्ष तापवायला लिटरमागे ०.०८ युनिट. रोज पाच लिटर वापरलं तर तापवण्याचे ०.४ आणि वाट पाहण्याचे जवळपास एक. किटलीला वाट पाहण्याचा खर्च नाही. रात्री टायमरने बंद करून मोठी बचत होईल असं वाटतं. साडेसहा तास बंद ठेवलं तर पाणी ५० अंशांच्या आसपास उतरतं आणि ते परत तापवायला ०.१६ युनिट जातात. वाचतं ते ०.१, महिन्याला तीन युनिट. टायमरचे पैसे निघायला वर्षं लागतील. दहा-पंधरा लिटर रोज लागणारं मोठं घर, आजारी माणूस, घरी चालणारं ऑफिस असेल तर घ्या. दोघांच्या घराला किटली पुरे.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) हीटर बहुतेक वेळा 'क्षारामुळे बिघाड' या कलमाखाली वगळलेला असतो; सही करण्याआधी ते कलम वाचा आणि बसवण्याच्या दिवशीचा पाण्याचा टीडीएस त्याच कागदावर लिहून घ्या. हीटरच्या फ्लँजचं, म्हणजे तो टाकीला जिथे जोडला जातो त्या चकतीचं, सिलिकॉन गॅस्केट प्रत्येक वेळी उघडल्यावर नवं लागतं, आणि ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. एक आधीच मागवून ठेवा.