फील्ड स्टेशनवर वीस मुलांचं जेवण: आचारी ठेवायचा की मुलांनाच करायला लावायचं?

विद्यार्थ्यांची बॅच घेऊन आठवडाभर फील्ड स्टेशनला, म्हणजे निसर्गात राहून अभ्यास करायच्या केंद्राला, जायचं ठरलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण तो पैशावरून सोडवतात. माझ्या मते तिथेच गडबड होते. पैसे नंतर बघा, आधी कामाचं टाइमटेबल कागदावर मांडा. पक्ष्यांना ओळखीसाठी पायात रिंग घालायच्या असतील तर जाळी उजाडायच्या आत उघडावी लागतात, पतंगांचा लाइट ट्रॅप (दिव्याने कीटक ओढून घेणारा सापळा) किंवा वटवाघळं असतील तर मध्यरात्र होते, आणि समुद्राकाठचं स्टेशन असेल तर ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सोमवारी सकाळी ९ ची ओहोटी शुक्रवारी सव्वाबाराच्या पुढे जाते, ऐन जेवणाच्या वेळेला. त्या वेळेला गॅसपाशी कोण उभं असणार, हा खरा प्रश्न.

मुलांचे गट पाडून स्वयंपाक हा प्रकार मला मनापासून आवडतो हे आधीच सांगतो. कांदे चिरता चिरता जेवढी ओळख होते तेवढी तीन दिवसांच्या लेक्चरमधे होत नाही, आणि वर्गात तोंड न उघडणारी एखादी मुलगी अचानक पूर्ण किचन चालवायला लागते. १०-१२ जण, चार-पाच दिवस, काम फक्त दिवसाचं, एवढं असेल तर बिनधास्त हेच करा.

पण वीस जण झाले की गणित बदलतं आणि मुलांना ते माहीत नसतं, का असावं? आमच्या एका बॅचमधे गटाने साडेसातला पातेलं चढवलं, घरी भाताला वीस मिनिटं लागतात म्हणजे आठला जेवण असा साधा हिशोब. घरातल्यासारख्या एकाच बर्नरवर १५-२० लिटर पाणी उकळायलाच तासभर लागतो. त्यात दर पाच मिनिटांनी कोणीतरी झाकण काढून बघतंय. साडेनऊला जेवण, खाली चिकट गोळा आणि वर कच्चे दाणे, आणि ट्रॅप लावायची वेळ केव्हाच गेलेली. चिडणार तरी कोणावर, बिचारे घामाघूम झाले होते.

स्टेशन उंचावर असेल तर अजून एक भानगड. २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळी आणि राजमा उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाहीत, प्रेशर कुकर लागतोच. आणि राजमा अर्धवट शिजला तर तो नुसता कडक नसतो, त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पोटाची वाट लावतं. निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात १० मिनिटं तरी खळखळ उकळायचा आणि मग पूर्ण शिजवायचा. स्लो कुकरमधे कच्चा टाकून फील्डला निघून जाणं तर अजिबात नको.

आता माझ्यासाठी निकाल लावणारा मुद्दा, हात. रोटेशनमधे, म्हणजे मुलांनी पाळीपाळीने स्वयंपाक केला की, प्रत्येकाचे हात किचनमधे येतात आणि तेच हात दुपारी बेडूक, सरडे, उंदरांचे सापळे यात असतात. बेडकांच्या आणि सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. सगळ्यांच्या खिशात सॅनिटायझर असतं पण मळलेल्या हातांवर ते फारसं काम करत नाही, आणि नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबाच्या व्हायरसवर तर त्याचा भरवसाच नाही, साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. कोणाला उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यावर पुढचे ४८ तास त्याला किचनबंदी. रोटेशनमधे हे पाळणं सोपं असतं, दुसरा येतो. आचारी एकच असेल आणि तोच पडला तर? मग तुम्ही आणि पातेलं.

म्हणून आचारी ठेवणार असाल तरी निवांत होऊ नका. मोठा फायदा म्हणजे वेळ पाळली जाते आणि भात भातासारखा लागतो. पण पहाटे ४ चा चहा आणि रात्री ११ चं जेवण दोन्ही एकाच माणसाकडून मागणं हा सरळ अन्याय आहे, तिसऱ्या दिवशी तो वैतागतो आणि बरोबरच करतो. एक तर मदतनीस द्या नाहीतर पहाटेचं सगळं थर्मासात. अ‍ॅलर्जीची यादी तोंडी सांगू नका, लिहून भिंतीला चिकटवा, कारण 'थोडंसं पडलं तर काय होतंय' म्हणणारे चांगले आचारीही असतात, आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीत थोडंसं पुरेसं असतं.

बाहेरून डबे मागवायचा पर्याय मी जवळपास बादच करतो. रस्ता बंद झाला की जेवण बंद, आणि शिजवलेलं अन्न कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहायला नको, तेवढा वेळ तर गाडीतच जातो.

फ्रीजचं मात्र दोन्हीकडे सारखंच. एकदा मी मटार काढायला डीप फ्रीजर उघडला तर मटाराच्या पिशवीला लागून दुसरी पिशवी, नीट लेबल लावलेली, तारीख, जागा, गाडीखाली आलेला साप. लेबल अगदी आदर्श होतं हो! नमुन्यांचा फ्रीज वेगळा आणि खाण्याचा वेगळा, आणि लॅबमधला मायक्रोवेव्ह लॅबचाच. उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवून झोपू नका, बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, पसरट ट्रेमधे काढून दोन तासांच्या आत फ्रीजमधे गेला पाहिजे. आणि ज्या ओढ्यातून सॅम्पल घेताय त्यात भांड्यांचं साबणाचं पाणी जात नाही ना बघा, ही चूक मी होताना पाहिली आहे.

मी हल्ली १५ च्या वर बॅच असेल तर आचारी ठेवतो, पण फक्त संध्याकाळच्या एका गरम जेवणासाठी. ब्रेकफास्ट ज्याचा त्याने घ्यायचा, ब्रेड, उकडलेली अंडी, फळं टेबलावर मांडलेली, आणि तिथेच प्रत्येकाने आपला दुपारचा डबा भरून घ्यायचा. भांडी गटागटाने, त्यात सरही आले. कोरडा तांदूळ माणशी १०० ग्रॅम धरतो, घरच्यापेक्षा जास्त, कारण दिवसभर डोंगर चढून आलेली मुलं खातात म्हणजे खातातच. मुलांचा सहवासही टिकतो आणि ट्रॅपही वेळेवर लागतो.

१२ ते १५ च्या मधे असाल तर रात्रीचं काम किती दिवस आहे ते मोजा, दोनपेक्षा जास्त रात्री असतील तर आचारीच. आणि काहीही ठरवायच्या आधी स्टेशनला फोन करून बर्नर किती आणि सगळ्यात मोठं पातेलं केवढं हे विचारा, जमलं तर किचनचा फोटोच मागवा, कारण 'सगळी सोय आहे' याचा अर्थ दोन बर्नर आणि एक कढई असाही निघतो.