घरातून आलेला विश्वास की स्वतः धरलेला?

आमच्या सोलापुरात बऱ्याच ख्रिस्ती घरांत विश्वास आज्यापणज्यापासून आलाय, मीपण त्यातलाच, रविवारी आईवडलांबरोबर चर्चला जायचो, पाळकसाहेब सांगतील तेच खरं आणि वाटायचं झालं आपलं काम. त्यात ऊब आहे हे खरंय, गीतं तोंडपाठ होतात, मंडळी आजारपणात धावून येतात. पण वडील गेले त्या रात्री एकट्यानं प्रार्थनेला बसलो तर शब्दच सुचेनात, होते ते सगळे दुसऱ्यांचे.

दुसरा मार्ग अवघड. रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, स्वतः शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, नाही कळलं तर विचारायचं. बायबलमधल्या बिरुया गावचे लोक तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. आपल्या मराठीतलंच बघा ना, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागं लगेच नाही घेतला, स्वतःला पटल्यावर, १९०० मधे घेतला. मला तर हे फार मोठं वाटतं.

चर्च सोडा असं मी म्हणत नाही, मी आजही दर रविवारी जातो. फक्त मुलीला आता नुसतं 'चल चर्चला' न म्हणता, आज काय वाचलंस तेपण विचारतो.