उंचीवर फुगते, थंडीत रुसते : आरव्हीतल्या हवेच्या गादीचे नऊ महिने

मणक्यातली गादी सरकली म्हणून गाडीतली गादी बदलली, असं मी सगळ्यांना सांगते. हा विनोद नवऱ्याला अजिबात आवडत नाही, पण झालं तेच. गाडीबरोबर, म्हणजे आमच्या आरव्हीबरोबर (चालतं-फिरतं घर), आलेली फोमची गादी जेमतेम चार इंचांची आणि मधोमध खड्डा पडलेली. नवऱ्याला डॉक्टरांनी मऊपणा जमवून घेता येईल अशी गादी बघा म्हटलं, आणि मला लहानपणापासून सतरंजीवर झोपायची सवय, म्हणजे दगडासारखं काहीतरी हवं. मग दोन वेगवेगळे हवेचे कप्पे, प्रत्येकाला आपापला रिमोट, वर तीन इंच फोम, अशी गादी मार्चमध्ये घेतली. आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ ऑरोरात राहतो, गाडी जुनी क्लास सी (मधल्या आकाराची) मोटरहोम आहे. आतापर्यंत त्या गादीवर साठेक रात्री काढल्यात.

आधी मापाचं सांगते, कारण तिथेच आम्ही पहिली माती खाल्ली. आरव्हीतली क्वीन (डबल बेडचं एक माप) म्हणजे घरातली क्वीन नव्हे. घरची 60 बाय 80 इंच, गाडीतली बहुतेक वेळा 60 बाय 75. पाच इंच म्हणजे काय, हे सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाच्या बायकोला विचारा. शिवाय आमच्या पलंगाचे पायाकडचे कोपरे गोल कापलेले आहेत, बाथरूमकडे जाताना वाट मिळावी म्हणून. मी मोजली जुनी गादी, आणि तीही घाईत. नवीन आली चौकोनी कोपऱ्यांची. आठवडाभर नडगीवर निळे डाग मिरवले आणि परत पाठवून कापलेल्या कोपऱ्यांची मागवली. टेप लावायची ती फळीला, गादीला नाही. आणि उंचीही बघा. हवा भरल्यावर ही दहा इंच होते. पहिल्या सकाळी झोपेतून उठून बसले आणि टाळकं थेट वरच्या कपाटावर.

आता खरी गंमत. मे महिन्यात लेडव्हिलला निघालो. घरून निघताना शहाणपणा म्हणून दोन्ही बाजू टणक भरून ठेवल्या, रात्री पोहोचल्यावर पंपाची कटकट नको. ऑरोरा साधारण 5,400 फुटांवर. तिथून आयझेनहॉवर बोगदा 11 हजारांच्या वर, मग फ्रेमाँट पास 11,318 फूट, आणि लेडव्हिल गावच दहा हजारांच्या वर. तिथे पोहोचून मागे गेला तो नवरा ओरडला, "अगं, गादी बघ, पुरी झालीये!" खरोखर टम्म. चादरीची इलॅस्टिकं सुटून वर आलेली.

गणित नंतर केलं, आधी करायला हवं होतं. आमच्याकडे हवेचा दाब चौरस इंचाला साधारण 12 पौंड, लेडव्हिलला साधारण 10. बाहेरचा दाब दोन पौंडांनी उतरला, आतली हवा मात्र तेवढीच कोंडलेली. अशा गादीत झोपताना जो जादाचा दाब असतो तो एक पौंडाच्याही आत असतो. म्हणजे झोपण्यासाठी भरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट ताण तिच्या शिवणींवर, तोही कोणी अंगठा न लावता. गादी ताणून फुगते म्हणून त्यातला थोडा उतरतो, तरी एका बाजूचं क्षेत्रफळ 30 बाय 75 इंच आहे. गुणाकार तुम्हीच करा. कप्प्याला आतून सपाट धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांपैकी दोन सुटल्या आणि नवऱ्याच्या बाजूला, बरोबर कमरेखाली, नारळाएवढं टेंगूळ आलं. दुखऱ्या कंबरेला हाच आधार मिळायचा होता!

कंपनीने कप्पा बदलून दिला, पाठवणीचा खर्च आमच्या माथी मारून. पुस्तिकेत उंचीबद्दल एक ओळ होती, अगदी बारीक अक्षरांत. तेव्हापासून नियम एकच: गाडी हलायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडून हवा निम्मी करायची. आणि हाताने उघडता येणारा व्हॉल्व्ह नसेल, फक्त रिमोटवरच हवा सुटत असेल, तर ती गादी डोंगरात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. एक बरं आहे, रिमोटवरचा आकडा (जितका जास्त तितकी गादी टणक) आत-बाहेरच्या दाबातला फरक मोजतो. त्यामुळे मुक्कामाला पोहोचल्यावर भरली की माझं 70 म्हणजे 70च, लेडव्हिल असो की यूटातलं, कितीतरी खालचं मोआब.

थंडीत उलटा प्रकार. सप्टेंबरच्या शेवटी हीटर लावून, गाडीत वीस अंश असताना गादी भरली आणि झोपलो. पहाटे तीनला मला जाग आली ती हॅमॉकमध्ये. गळती असेल म्हणून साबणाचं पाणी फिरवलं, कुठे बुडबुडा नाही. पलंगाखालच्या सामानाच्या कप्प्यात हीटर पोहोचत नाही, तिथे दोन-तीन अंश. हवा पाच-सहा टक्के आकसते एवढंच, पण कापड तर आकसत नाही, म्हणून आकडा 70 वरून थेट चाळिशीत. (नवी गादी पहिल्या आठवड्यात अशीच सैलावते, कारण कापड ताण घेतं. त्याला गळती समजून परत पाठवू नका.) आणि गारवा! आतली हवा फिरत राहते, अंगाची ऊब खाली नेते. वरून कितीही पांघरा, पाठ गारच. त्यावर उपाय आईने शिवलेली गोधडी निघाली, पण अंगावर नाही, अंगाखाली, चादरीच्या आत.

पंप 120 व्होल्टवर चालतो. वीज असलेल्या कॅम्पग्राउंडवर प्रश्नच नाही. जंगलखात्याच्या मोकळ्या जागेवर मात्र बॅटरी 12 व्होल्टची, मधे इन्व्हर्टर. पंप दोन मिनिटंच चालतो, तो फारशी बॅटरी खात नाही. खातो तो रात्रभर चालू ठेवलेला इन्व्हर्टर. म्हणून त्याचं बटण आता उशाशी घेतलंय. जनरेटरची आशा धरू नका, नॅशनल पार्कांत बहुतेक ठिकाणी रात्री तो लावूच देत नाहीत. आवाज म्हणाल तर पंप म्हणजे मिक्सरमध्ये चटणी. दुसऱ्याची बाजू भरली तरी दोघं जागे.

ओल हा छुपा शत्रू. ऑक्टोबरात गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर काळे ठिपके. पुसून घेतलं, खाली हवा खेळेल अशी जाळीची चटई घातली. रोज सकाळी पलंगाची फळी वर करून अर्धा तास ठेवतो. पंपाची नळी त्यात दुमडते, तिच्याकडे लक्ष हवं.

आणि झोप? ती चांगली लागते, हे सांगायचं राहूनच जात होतं. नवरा 35 वर झोपतो, मी 70 वर, आणि त्याला सकाळी उठताना भिंत धरावी लागत नाही. मधल्या फटीत मात्र फोन, चष्मा, एकदा तर आख्खा रिमोट गडप झाला. आई जूनमध्ये सांगलीहून आली तेव्हा एक रात्र झोपली आणि म्हणाली, "होडीत झोपल्यासारखं वाटतं गं." दुसऱ्या रात्री तिने जेवणाच्या टेबलाचा पलंग पसंत केला. खरं सांगायचं तर आरामातला अर्धा वाटा वरच्या तीन इंच फोमचा आहे. तो पातळ असता तर मी आईच्या बाजूने मत दिलं असतं.

एकाच जागी, विजेच्या जोडणीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना मी ही डोळे झाकून घ्या म्हणेन. आमच्यासारखे दर शनिवारी घाट चढणारे असाल आणि दोघांच्या आवडी सारख्या असतील, तर जाड चांगला फोम घ्या, एवढे उपद्व्याप नकोत. आमच्या आवडी सारख्या नाहीत, त्यामुळे ही राहणार.

डिसेंबरात डेथ व्हॅलीला निघतोय. तिथलं फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या साधारण 190 फूट खाली आहे, म्हणजे घरून भरलेली हवा तिथे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आकसणार. पण वाटेत घाट चढायचे आहेतच, म्हणून निघताना व्हॉल्व्ह उघडायचाच आणि तिथे पोहोचून पुन्हा भरायची. इन्व्हर्टरची वायर तेवढी तपासून घेतली आहे.