डिस्चार्जच्या कागदावर मी पुरुष होते

ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते, परदेशातून घरी येऊन चार. इमर्जन्सीच्या पलंगावर पडल्यापडल्या माझ्याकडचा एकुलता एक कागद मी डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "हा तुमचाच ना?" वर माझंच नाव होतं. खाली लिहिलं होतं: पुरुष, उंची १७६ सेंटिमीटर. माझी उंची १५८ आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर नुसतं नाव बदलून मला दिलं होतं, आणि मी तो न वाचता फाइलमध्ये जपून ठेवला होता.

आधीच सांगते, वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं यात माझं काही चुकलं नाही. हे वाचून कुणीतरी "म्हणून सांगत होतो, तोंडाला आवर घाल" म्हणायला येणारच, म्हणून सांगते. वजन १०८, बीएमआय ४३. बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर ऑपरेशनची शिफारस करावी, असं बेरिॲट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनाही म्हणतात. ते परदेशात करायचं ठरवलं ते खर्च निम्मा होता म्हणून. त्याचीही मला लाज वाटत नाही.

आणि सर्जन मी नीट पारखला होता. त्याचं नाव त्या देशाच्या वैद्यकीय नोंदणीत शोधलं, सापडलं. अनुभव बराच. हॉस्पिटलला आंतरराष्ट्रीय मानांकन आहे म्हणाले, ते मानांकन देणाऱ्या संस्थेच्या यादीत जाऊन पाहिलं, तेही खरं निघालं. त्याची भाषणं, मुलाखती, ऑपरेशन समजावून सांगणारे व्हिडिओ मी इतके पाहिले की तो कधी चष्मा सावरतो हेसुद्धा पाठ झालं होतं. मी तपासलेलं सगळं खरं होतं. फक्त माझं ऑपरेशन त्याने केलं नाही.

माझं बोलणं व्हायचं ते को-ऑर्डिनेटरशी. ती मला 'डिअर' म्हणायची. रात्री अकराला मेसेज टाकला तरी दोन मिनिटांत उत्तर. मला खुर्चीत बसायची भीती वाटते, लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की मी भांडी आवरायला जाते, असलं जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते हिला सांगितलं. म्हणजे विश्वास सर्जनवर ठेवलाय असं मी समजत होते, आणि प्रत्यक्षात ठेवला होता हिच्यावर. ती नर्सही नव्हती. बुकिंगमागे कमिशन घेणारी बाई होती.

तिला मी सांगितलं होतं की मला छातीत जळजळ होते, रोज गोळी लागते. "वजन उतरलं की जाईल, डिअर." हे वाक्य मला फार महागात पडलं. माझं ऑपरेशन 'स्लीव्ह' प्रकारचं. त्यात जठराचा सुमारे पाऊण ते चार पंचमांश भाग कापून काढतात आणि उरते ती अरुंद नळी. तिच्यात दाब वाढतो, त्यामुळे ज्यांना मुळातच आम्लपित्ताचा जोरदार त्रास आहे त्यांचा तो वाढू शकतो. अशा पेशंटची आधी एंडोस्कोपी करून त्याऐवजी जठराचा बायपास, म्हणजे जठराचा बराचसा भाग टाळून अन्न थेट आतड्यात नेणारं ऑपरेशन, बरा का, याचा विचार करतात. माझी एंडोस्कोपी झालीच नाही. रक्त तपासलं, ईसीजी काढला, झालं.

ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीवर झोपवल्यावर एका नर्सने दोन कागद पुढे धरले. भाषा त्यांची. ती पेनाच्या टोकाने जागा दाखवत गेली, मी सह्या करत गेले. सर कुठे आहेत विचारलं. "आत." आत मास्क लावलेला एक माणूस होता. डोळे कोवळे होते, चष्मा नव्हता. मला कळलं होतं. खरंच सांगते, त्याच क्षणी कळलं होतं. पण उपाशी, उघडी, परक्या देशात, पैसे भरलेले. सर मागून येत असतील, अशी मीच माझी समजूत घातली आणि भूल चढली.

त्या कागदाचं भाषांतर नंतर करून घेतलं. 'संबंधित सर्जन किंवा संस्थेने नेमलेला अन्य डॉक्टर.' आणि त्याच तारखेला आमचे सर तिसऱ्याच देशात एका परिषदेच्या व्यासपीठावर होते. फोटो त्यांनीच टाकले होते.

पाचव्या दिवशी विमानात बसवलं. अशा ऑपरेशननंतर लगेच लांबचा प्रवास केला तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते निभावलं. आठव्या रात्री डावा खांदा दुखायला लागला, अंगात ताप, घड्याळावर नाडी १२४. मेसेज केला. "गॅस आहे, डिअर, थोडं चाल, घोट घोट पाणी पी." मी खरंच उठून चालायला लागले. पहाटे नवरा म्हणाला, "तिचं राहू दे, गाडी काढतो."

सीटी स्कॅनमध्ये लीक निघाली. स्टेपल मारलेल्या रेषेतून जठरातलं पोटात झिरपत होतं. हे बऱ्याचदा घरी आल्यावरच उघडकीला येतं, आणि नाडी जोरात धावणं ही त्याची पहिली खूण असू शकते. लीक चांगल्या सर्जनच्या हातूनही होते, तेवढ्यासाठी मी कुणाला फसवणारा म्हणणार नाही. पण इथले डॉक्टर विचारत होते ते साधे प्रश्न होते. जठर कापताना मापासाठी आत घालतात ती नळी किती जाडीची होती? स्टेपलर कुठला? टेबलावर लीक टेस्ट केली का? हर्निया दिसला का? उत्तर द्यायला माझ्याकडे १७६ सेंटिमीटरचा पुरुष होता. ऑपरेशनची सविस्तर नोट मागवली, तर तोच कागद पुन्हा आला. आता त्यात 'स्त्री' केलं होतं. उंची तीच.

सव्वीस दिवस हॉस्पिटलात काढले. पोटात ड्रेनची नळी, आत लीक झाकायला स्टेंट, तोंडाने काही नाही. पॅकेजमध्ये 'कॉम्प्लिकेशन कव्हर' होतं, त्याची आठवण करून दिली. ते तीस दिवसांचं, त्यांच्याच हॉस्पिटलात, तिकीट आपलं. पोटातून नळी बाहेर आलेली असताना मी विमानाने जायचं होतं.

जाऊ नका असं मी म्हणत नाही, चांगलं करून आलेलेही आहेत. पण जाणार असाल तर पैसे भरण्याआधी खुद्द सर्जनशी व्हिडिओवर बोला आणि आपली दुखणी त्याला सांगा, को-ऑर्डिनेटरला नाही. ऑपरेशन तोच करणार हे नाव घालून लेखी घ्या. संमतीपत्र आठवडाभर आधी, तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा. इथे परत आल्यावर कोण बघणार, ते जाण्याआधीच एखाद्या बेरिॲट्रिक सर्जनला भेटून ठरवा. बी-१२, लोह, रक्ततपासण्या हे आता जन्मभराचं आहे, तेव्हा तो माणूस लागणारच. "कशाला काळजी करतेस, डिअर" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

तीन महिन्यांनी भरपाई मागताना मी त्यांना एक फोटो पाठवला होता, पोटावरचे नळीचे व्रण दाखवायला. उत्तर आलं नाही, नंबर ब्लॉक झाला. गेल्या महिन्यात मैत्रिणीने त्यांची जाहिरात दाखवली. डावीकडे १०८ किलोची मी, ऑपरेशनआधी त्यांनीच मागवलेल्या फोटोतली. उजवीकडे तोच व्रणांचा फोटो, छातीच्या खाली कापलेला. गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली. खाली लिहिलंय, 'फक्त ९० दिवसांत!'