बाबांची २००४ची झेन घाटात तापायची, कारण शेवटी या गॅरेजला सापडलं

साताऱ्यात जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी लिहितेय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा. आमच्याकडे बाबांची २००४ची मारुती झेन आहे, ९९३ सीसीचं पेट्रोल इंजिन. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले विकून टाक, मी नाही विकली, आता मीच चालवते. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की टेम्परेचरचा काटा वर सरकायचा. गावात काही नाही, सपाट हायवेला काही नाही, घाट लागला की सुरू. मे महिन्यात तर अर्ध्या घाटात काटा लालच्या तोंडाशी गेला, मी एसी बंद केला, हीटर फुल्ल केला (हीटरमध्येही इंजिनचंच गरम पाणी फिरतं त्यामुळे थोडी उष्णता तिकडून निघून जाते, आत बसवत नाही पण इंजिन वाचतं) आणि जागा मिळाली तशी बाजूला घेऊन बंद केली. मदतीला आलेले एक काका रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते, त्यांचा हात धरून थांबवलं. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, सैल झालं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजला गाडी दाखवली होती, नाव लिहीत नाही. त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकला, म्हणाले आपल्या हवेत लागत नाही, आणि फॅन डायरेक्ट करून दिला म्हणजे चावी ऑन केली की फॅन सुरू, वरून नळाचं पाणी भरलं. घाटातल्या प्रकारानंतर परत गेले तर म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालंय, हेड उतरवून फेसिंगला म्हणजे घासून सपाट करायला पाठवावं लागेल, १८ हजार धरून चला. कशावरून म्हणता विचारलं तर, गरम होते म्हणजे तेच असतं. एकही टेस्ट न करता. मी गाडी तशीच घरी आणली आणि त्या रात्री खरंच रडू आलं कारण १८ हजार घालूनही तेच झालं असतं तर गाडी विकण्याशिवाय पर्याय नव्हता.

मग भावाच्या मित्राने या गॅरेजचं सांगितलं. दोन गाड्या मावतील एवढीच जागा, चाचा आणि त्यांचा मुलगा. चाचांनी पहिली वीस मिनिटं बोनेटला हातही लावला नाही, नुसते प्रश्न. ताई, उभ्या गाडीला तापते का चालत्या? एसी लावल्यावर फरक पडतो? पाणी किती दिवसांनी किती घालावं लागतं? सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर? मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाले अर्धं उत्तर यातच असतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापत असेल तर आधी फॅन, त्याचा स्विच, रिले बघायचा. पण गाडी पळतेय, समोरून वारा मिळतोय, तरी लोडवर तापते म्हणजे एकतर पाणी नीट फिरत नाहीये नाहीतर रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाहीये. शिवाय पाणी कुठे गळतंय का आणि सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय का हे वेगळं तपासायचं.

गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लावली, पूर्ण थंड इंजिनवरच सुरुवात करतात. सकाळी मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखी साय आहे का बघितलं (ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ती येते), नव्हती. रेडिएटरमधलं पाणी मात्र गंजून विटकरी झालं होतं. मग हातपंपासारखं एक प्रेशर टेस्टर लावून ०.९ किलोपर्यंत दाब भरला आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसलो, काटा हलला नाही, म्हणजे होज पाईप, पंप, जॉइंट कुठेच लीक नाही. त्याच टेस्टरवर झाकण तपासलं तर ते अर्ध्याच दाबाला सोडून देत होतं!! झाकणावर स्पष्ट ०.९ लिहिलेलं. तेव्हा चाचांनी समजावलं की नुसतं पाणी साताऱ्याच्या उंचीला शंभरच्याही थोडं आधीच उकळतं, या दाबाखाली तेच ११५च्या पुढे जातं, आणि कुलंट (पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये भरायचं खास द्रव) असेल तर अजून वर. झाकण कमजोर असलं की पाणी आधीच उकळायला लागतं आणि रिझर्व्हच्या बाटलीतून बाहेर पडतं. इतक्या छोट्या वस्तूवर एवढं अवलंबून असतं हे मला माहीतच नव्हतं.

नंतर गाडी गरम करून एक टेस्ट केली ती मला सगळ्यात आवडली. एका नळीत निळं पाणी असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात, सिलिंडरमधला गॅस येत असेल तर निळं पाणी पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा निळं. म्हणजे हेड गॅस्केट धडधाकट, आणि ते १८ हजार वाचले.

शेवटी टेम्परेचर मोजायची गन घेऊन रेडिएटरच्या जाळीवर फिरवली. पाणी आत येतं तिथे ९०च्या वर, आणि मधला हातभर पट्टा जेमतेम ५०. गरम पाणी त्या भागातून जातच नव्हतं, नळ्या क्षाराने बंद. वर्षानुवर्षं नळाचं आणि बोअरचं पाणी घातल्याचा परिणाम (बाबाही तेच घालायचे, कुणी सांगितलंच नव्हतं). शिवाय एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मातीचा थर बसलेला, तो समोरून दिसतही नाही. सपाटीला उरलेल्या नळ्या भागवून न्यायच्या, घाटात दुसऱ्या गिअरला एवढी उष्णता तयार झाली की संपलं. केमिकल टाकून साफ होईल का विचारलं, ते सरळ म्हणाले थोडं सुटेल पण एवढ्या बंद नळ्यांना भरवसा नाही, पैसे दोनदा घालू नका.

खर्च असा आला: नवा रेडिएटर ३४००, झाकण २२०, थर्मोस्टॅट ४५०, कुलंट ६००, लेबर ९००. एकूण ५५७०. थर्मोस्टॅट परत बसवला याचं मला फार बरं वाटलं. बसवायच्या आधी चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात तो सोडला, थर्मामीटर धरला आणि ८२च्या आसपास उघडताना मला दाखवला. तो नसला की इंजिन थंडच राहतं आणि कॉम्प्युटर त्याला पेट्रोल जास्त देत राहतो, म्हणूनच माझं अ‍ॅव्हरेज १६ वरून १२ वर आलं होतं. फॅनची वायरिंगही मूळ होती तशी करून दिली.

गाडी देताना स्वतः शेजारी बसले आणि मला एसी लावून यवतेश्वरचा घाट चढायला लावला, भर दुपारी. काटा अर्ध्याच्या जरा खाली, तिथून हलला नाही. कासच्या रस्त्यावर वर पोहोचल्यावर मी गाडी थांबवली आणि थोडा वेळ बोलताच येईना.

आता तक्रारी. एक दिवस सांगितलं होतं, दोन दिवस लागले कारण रेडिएटर पुण्याहून मागवावा लागला, आणि हे मला फोन करून कळवलं नाही. फोन तसाही क्वचित उचलतात. बिल हाताने लिहिलेलं मिळतं, जुने पार्ट मात्र न मागता परत दिले. आणि एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, नवीन कुलंट भरल्यावर आत अडकलेली हवा हळूहळू निघते आणि दोन-तीन दिवसांत लेव्हल थोडी उतरते. मला माहीत नव्हतं, बाटली खाली गेलेली बघून पोटात गोळा आला, धावत गेले, त्यांनी पाव लिटर कुलंट घातलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत पाच महिने लेव्हल जागची हललेली नाही, खंबाटकी सहा वेळा चढून झाली, त्यातल्या दोनदा चार माणसं आणि सामान घेऊन.

५ पैकी ४.५, अर्धा फोनसाठी कापला. जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन लावा आणि सकाळी साडेनऊला तिथे हजर राहा, बघायला उभं राहिलेलं त्यांना चालतं, उलट दाखवत दाखवत काम करतात.