सातवीतल्या भाच्यासाठी ‘फास्टर फेणे’

भाचा सातवीत गेला आणि चित्रांची पातळ पुस्तकं त्याला पुरेनात, म्हणून भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ मालिका घेतली. पैसे वसूल! फुरसुंगीचा हा किडकिडीत बन्या फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि जिथे काही गडबड आहे तिथे हमखास पोहोचतो. पहिलं पुस्तक भाच्याने जेवतानाही खाली ठेवलं नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1962 च्या चीन युद्धाची पार्श्वभूमी असलेलं साहस. भागवतांच्या पहिल्या वाचकांसाठी ती कालपरवाची बातमी होती, आजच्या मुलांसाठी इतिहास आहे. त्या युद्धातला नेफा म्हणजे आजचा अरुणाचल, हे कळल्यावर भाच्याने आपणहून नकाशा काढला. मग तवांग कुठे, सीमा कुठून जाते, प्रश्नांवर प्रश्न! पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींनी हे कधी झालं नसतं.

योगायोग जरा जास्त आहेत आणि साहसाचा मोठा वाटा मुलग्यांकडेच जातो, हे मला खटकतं.

पुढच्या टप्प्यावर प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन द्या, सुरुवात ‘वनवास’ या पुस्तकापासून. तिथे पाठलाग नाहीत. आजी-आजोबांकडे राहणारं एक हळवं पोर आणि कानडी वळणाची गोड मराठी आहे. नववी-दहावीत वाचला तर जास्त पोहोचेल. फेणेचा मात्र अख्खा संच एकदम हातात देऊ नका, दोन-दोन पुस्तकं घ्या.